दमा रक्तातला की कणगीतला?

खळ्यावर मळणी सुरू झाली की काही घरांत एक ठरलेला प्रकार घडतो. थ्रेशरच्या तोंडाशी चौघेजण उभे असतात. चौघांच्याही अंगावर सारखाच भुस्सा उडतो. तिघे संध्याकाळी अंघोळ करतात, भाकरी खातात आणि निजतात. चौथ्याच्या मात्र शिंका थांबत नाहीत. डोळे लाल होतात, नाक गळू लागते. मध्यरात्री तो उठून बसतो आणि त्याच्या छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येऊ लागतो. घरची मंडळी म्हणतात, "याच्या आज्यालाही असंच व्हायचं. रक्तातच आहे त्याच्या."

शेतकरी बंधु-भगिनींनो, "रक्तातच आहे" हे शब्द आपण फार सहज बोलून जातो. त्यांचा अर्थ काय घ्यायचा, यावर त्या माणसाचे पुढचे आयुष्य पुष्कळसे अवलंबून असते. रक्तात आहे म्हणजे इलाज नाही, असे एक घर समजते आणि माणूस वर्षानुवर्षे धापा टाकत राहतो. रक्तात आहे म्हणजे मुलीचे लग्न जमायचे नाही, असे दुसरे घर समजते आणि पोरीचा आजार झाकून ठेवते. म्हणून या दोन शब्दांत खरे किती आणि खोटे किती, हे आज नीट पाहू.

हा किडा कोणता?

धुळीने त्रास होतो असे आपण म्हणतो. पण शेतातली नुसती माती सहसा दमा करीत नाही. त्रास देते ती धुळीतली जिवंत वस्ती. तिच्यात बुरशी असते, पराग असतात आणि माइट नावाचे अतिशय बारीक किडे असतात. हे किडे कोळ्याच्या जातकुळीतले. त्यांना आठ पाय असतात. पिकावर 'लाल कोळी' पडला असे आपण म्हणतो, तोही याच कुळातला.

शेतकऱ्याचा संबंध येतो तो मुख्यतः दोन प्रकारच्या कोळी-किड्यांशी.

पहिला प्रकार साठवणीतला. धान्य, पीठ, कोंडा, पेंड, कडबा, वाळलेले गवत यांत तो वाढतो. लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणि रंग पांढुरका, म्हणून डोळ्याला तो पिठाच्या कणासारखा वाटतो. याला ओल लागते. तो पाणी पीत नाही, हवेतला दमटपणाच अंगात ओढून घेतो. म्हणून कोरड्या धान्यात त्याचे काही चालत नाही, आणि ओलसर धान्यात त्याची बेसुमार पैदास होते. असे किडे फार झाले की धान्याला एक उग्र, गोडसर कुबट वास येतो.

दुसरा प्रकार उभ्या पिकावरचा. पानाच्या खालच्या बाजूला राहून तो रस शोषतो, पाने फिकट पडतात आणि बारीक जाळे दिसू लागते. वांगी, भेंडी, द्राक्षे, गुलाब यांवर तो आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेला आहे. याची तऱ्हा उलटी. याला ऊन आणि कोरडी हवा मानवते.

याशिवाय तिसरा एक भाऊबंद आपल्या अंथरुणात राहतो. गोधडी, वाकळ, उशी यांत गळून पडलेल्या माणसाच्या कातडीच्या कोंड्यावर तो जगतो. घरातल्या धुळीने दमा का उठतो याचा मोठा दोषी हाच, हे १९६४ साली हॉलंडमधल्या लायडन येथील डॉ. फोरहोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

हे तिन्ही प्रकार माणसाला सहसा चावत नाहीत. त्रास देते ती त्यांची विष्ठा आणि मेल्यावर होणारा अंगाचा चुरा. विष्ठेत त्यांच्या पोटातले पाचक रस असतात. हे कण वाळून धुळीत मिसळतात आणि श्वासाबरोबर नाकात आणि छातीत जातात.

ओर्कनेची कोठारे आणि जेजूच्या बागा

हा आजार काही आपल्याच मुलखातला नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ओर्कने नावाची बेटे आहेत. गाईगुरे पाळणारा, दमट, वाऱ्याचा मुलूख. हिवाळ्यासाठी तिथले शेतकरी गवत कापून कोठारात भरतात, आणि ते पुरते वाळतेच असे नाही. हिवाळ्यात गुरांना गवत घालायला कोठारात गेले की काही शेतकऱ्यांना शिंका आणि दम्याचा त्रास होई. डॉ. कथबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली याचे कारण प्रसिद्ध केले. ओलसर गवतातले साठवणीचे कोळी हे त्या त्रासामागे होते. या आजाराला त्यांनी 'कोठाराची अॅलर्जी' असेच नाव दिले.

दुसरे उदाहरण कोरियातले. त्या देशाच्या दक्षिणेला जेजू नावाचे बेट संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या बागाईतदारांत दमा आणि नाक गळण्याचा त्रास का दिसतो, याची तपासणी कोरियन डॉक्टरांनी केली. १९९९ साली त्यांनी सांगितले की दमा असलेल्या या बागाईतदारांत सर्वांत महत्त्वाचे वावडे संत्र्याच्या झाडावरील लाल कोळ्याचे आहे. सफरचंदाच्या बागांत काम करणाऱ्यांमध्येही तिथे पिकावरच्या कोळ्याचे वावडे आढळले. स्पेनमध्ये शेतकऱ्यांत, तर स्वीडनमध्ये काचघरात काम करणाऱ्यांतही असेच दिसून आले आहे.

हे आपण ध्यानात का घ्यायचे? तळेगाव-मावळ भागात गुलाबाची पॉलिहाउसे उभी आहेत. नाशिक-सांगलीकडे द्राक्षे आहेत. या पिकांवर लाल कोळी येतोच. बंद पॉलिहाउसात दिवसभर राबणाऱ्या बाईला काम सुरू केले की शिंका येत असतील आणि सुटीच्या दिवशी बरे वाटत असेल, तर नुसती सर्दी म्हणून ते सोडून देऊ नये.

पण ओर्कनेत काय किंवा जेजूत काय, एक गोष्ट सारखीच आहे. एकाच कोठारात, एकाच बागेत काम करणाऱ्या सगळ्यांना त्रास होत नाही. काहींनाच होतो. हे काहीजण कोण?

वावडे म्हणजे काय?

आपल्या भाषेत 'वावडे' हा फार नेमका शब्द आहे. इतरांना जे चालते ते एखाद्याला चालत नाही, ते वावडे. डॉक्टर याला अॅलर्जी म्हणतात. हा शब्द व्हिएन्नाचे डॉ. फॉन पिर्के यांनी १९०६ साली बनवला.

आपल्या अंगात राखणदार असतात. रोगजंतू आला की ते त्याला ओळखतात आणि त्याच्यावर सोडण्यासाठी प्रतिपिंडे तयार करतात. यांतल्या एका जातीचे नाव आय-जी-ई. इशिझाका नावाच्या जपानी पतिपत्नींनी अमेरिकेत काम करताना १९६६ साली तिचा शोध लावला. त्याच सुमारास स्वीडनमधल्या संशोधकांनाही ती सापडली. हे प्रतिपिंड खरे तर जंतांसारख्या शत्रूंसाठी असावे असे मानतात. पण काही माणसांचे राखणदार कोळी-किड्याच्या निरुपद्रवी कणालाही शत्रू समजतात आणि त्याच्याविरुद्ध आय-जी-ई बनवून ठेवतात.

ही प्रतिपिंडे नाकाच्या, छातीच्या आणि कातडीच्या आतल्या काही पेशींवर जाऊन बसतात. या पेशी म्हणजे बारूद भरलेल्या कोठ्याच. पुढच्या खेपेला कोळ्याचा कण आला की तो थेट त्या प्रतिपिंडाला चिकटतो आणि कोठी फुटते. तिच्यातून हिस्टामीन आणि इतर द्रव्ये बाहेर पडतात. नाकात हे घडले तर शिंका, कातडीवर घडले तर पित्त उठल्यासारख्या गांधी, आणि छातीत घडले तर श्वासनळ्या आवळून दमा.

म्हणून पहिल्या वर्षी त्रास नव्हता, तिसऱ्या वर्षी सुरू झाला, असेही होते. त्या मधल्या काळात अंगात तयारी चाललेली असते.

वारसा कशाचा येतो?

आता मूळ प्रश्न. काहींचेच राखणदार असे का वागतात?

घराण्याचा यात हात आहे, हे जुन्या वैद्य-डॉक्टरांनाही दिसत होते. न्यूयॉर्कमध्ये कुक आणि व्हँडर वीर या दोघा डॉक्टरांनी १९१६ साली वावड्याच्या ५०४ रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या रोग्यांच्या घराण्यात असा त्रास असल्याचे त्यांना आढळले. निरोगी माणसांच्या घराण्यांत हे प्रमाण त्याहून पुष्कळच कमी होते.

पुढे हा वारसा नेमका कुठे लिहिलेला आहे याचा शोध सुरू झाला. माणसाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांवर जनुके असतात. जनुक म्हणजे शरीराने काय आणि कसे बनवायचे याची लेखी सूचना. जोडीतले एक गुणसूत्र आईकडून येते, एक बापाकडून. १९८९ साली ऑक्सफर्डच्या डॉ. कुकसन आणि सहकाऱ्यांनी अकराव्या गुणसूत्राकडे बोट दाखवले. २००७ साली लहानपणच्या दम्याशी सतराव्या गुणसूत्राच्या एका भागाचा संबंध दिसून आला. पाचव्या गुणसूत्रावर अशी काही जनुके जवळजवळ बसलेली आहेत, जी राखणदारांना 'आय-जी-ई बनवा' असा निरोप देणारी द्रव्ये तयार करतात. सहाव्या गुणसूत्रावरची जनुके, कोळ्याच्या कणाचा कोणता तुकडा राखणदारांपुढे ओळखीसाठी धरायचा, हे ठरवतात.

आणखी एक जनुक सांगण्यासारखे आहे. आपली कातडी हे शरीराचे कुंपण. हे कुंपण घट्ट ठेवण्यासाठी फिलाग्रिन नावाचे द्रव्य लागते. स्कॉटलंडमधल्या डंडी येथील संशोधकांनी २००६ साली दाखवले की ज्यांच्या फिलाग्रिनच्या जनुकात दोष असतो, त्यांना इसब होण्याचा आणि इसबाबरोबर पुढे दमा होण्याचा संभव अधिक असतो. कुंपणाला भगदाड असले की गुरे शिरणारच. तसे फुटक्या, कोरड्या कातडीतून कोळ्याचे कण आत शिरतात आणि राखणदार बिथरतात. तान्ह्या मुलाचे इसब "मोठेपणी जाईल" म्हणून दुर्लक्षू नये, ते यासाठी.

यावरून काय दिसते? दम्याचे असे एकच जनुक नाही. अनेक जनुके थोडा थोडा भार टाकतात. आणि ती सारी मिळून रोग देत नाहीत, रोगाकडे कल देतात.

हा कल म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला समजवावे लागेल. शेतकऱ्याला ते पाठ आहे. गव्हावरचा तांबेरा घ्या. त्याला कुठे गेरवा म्हणतात. महाबळेश्वरला या रोगावर काम करणारे संशोधन केंद्रच आहे. गव्हाचे काही वाण तांबेऱ्याला लवकर बळी पडतात, काही तग धरतात. हा गुण बियाण्यातच असतो. पण बळी पडणारा वाण पेरला म्हणून दर साली तांबेरा येतोच का? येत नाही. वाऱ्याबरोबर रोगाचे बीज यावे लागते, आणि त्याला मानवेल अशी हवा मिळावी लागते. वाण, रोगाचे बीज आणि हवा ही तिन्ही जुळली तरच पीक तांबडे होते. यांतले एक जरी निसटले तरी पीक हाती लागते.

माणसाच्या दम्याचेही तसेच आहे. वाण आईबापांकडून येतो, तो बदलता येत नाही. पण कोळी-किड्यांचा भार आणि घरातली ओल, धूर, कोंदटपणा या दोन गोष्टी पुष्कळशा आपल्या हातात आहेत. जुळ्या भावंडांवरून हे अधिक स्पष्ट होते. अगदी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांची जनुके सारखीच असतात. तरीही त्यांतल्या एकाला दमा असतो आणि दुसऱ्याला नसतो, असे अनेकदा आढळते. सारे रक्तातच असते, तर असे झाले नसते.

'खाण तशी माती' ही आपली म्हण खरी आहे, पण मातीत पीक कसे येईल हे मशागतीवरही ठरते.

एकच वाण, दोन शिवारे

याचा फार चांगला दाखला अमेरिकेत मिळाला. तिथे आमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत. दोघांचेही पूर्वज मध्य युरोपातून आलेले, आणि दोघांची जनुके एकमेकांशी फार मिळतीजुळती. खाणेपिणे आणि राहणी यांतही बरेच साम्य. फरक शेतीत आहे. आमिश लोक जुन्या पद्धतीने, घोड्यांच्या मदतीने शेती करतात. गोठा घराला लागून असतो आणि त्यांची मुले लहानपणापासून गाईगुरांत वावरतात. हटराइट लोक मोठमोठ्या यंत्रांनी सामुदायिक शेती करतात. त्यांचे गोठे वस्तीपासून लांब असतात आणि लहान मुले तिकडे फारशी जात नाहीत.

२०१६ साली याची तुलना प्रसिद्ध झाली. आमिश मुलांत दम्याचे प्रमाण १०० मध्ये सुमारे ५, तर हटराइट मुलांत सुमारे २१ होते. वाण जवळजवळ एकच, पण शिवार वेगळे. आमिश घरांच्या धुळीत गोठ्यातल्या सूक्ष्म जंतूंचे अंश कितीतरी अधिक सापडले. अगदी कोवळ्या वयात अशा जंतूंशी ओळख झाली की राखणदार शहाणे होतात आणि ऊठसूट बिथरत नाहीत, असा याचा अर्थ लावतात.

मात्र यावरून भलता निष्कर्ष काढू नये. गोठ्यात मूल रांगले म्हणजे त्याला दमा होणारच नाही, असे कोणी म्हटलेले नाही. ज्याला दमा जडलेला आहे त्याला गोठ्यात बसवून तो बराही होत नाही, उलट जोर करतो. आणि बुरशी आलेल्या कडब्याची धूळ कोणालाच हिताची नाही.

सोयरिकीचा प्रश्न

आता थोडे घरातले बोलू. मुलीला दमा आहे असे कळले की सोयरिक मोडते. लग्नानंतर त्रास सुरू झाला तर "तुमच्या घराण्याचा रोग आमच्यात आणला" असे सुनेला ऐकावे लागते. काही मुली सासरी श्वासाचा पंप लपवून ठेवतात, चारचौघांत तो ओढायला लाजतात, आणि एखाद्या रात्री जिवावर बेतते. हे थांबले पाहिजे.

तीन गोष्टी घरातल्या वडीलधाऱ्यांनी ध्यानी घ्याव्यात. एक, दमा हा संसर्गाचा रोग नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर निजल्याने तो लागत नाही. दोन, मुलाला वारसा आईकडून जितका येतो तितकाच बापाकडूनही येतो. नातवाला दमा झाला तर एकट्या सुनेकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. तीन, आईबापांना वावडे असणे ही मुलाला दमा होण्याची खात्री नव्हे. ढोबळ हिशेबाने सांगायचे तर आईबापांपैकी दोघांनाही काही नसले तरी १०० मुलांमागे दहा-पंधरा मुलांना कोणते ना कोणते वावडे होऊ शकते. एकाला असेल तर सुमारे एक तृतीयांश मुलांना, आणि दोघांना असेल तर निम्म्याहून अधिक मुलांना. म्हणजे दोघांनाही असले तरी काही मुले सुटतातच.

मग घराण्याची माहिती काढायची कशासाठी? सावध राहण्यासाठी. आजोबांना दमा, आत्याला शिंकांचा त्रास, पोराला लहानपणी इसब, असा इतिहास असेल तर त्या पोराला थ्रेशरच्या तोंडाशी उभे करू नका. बळी पडणारा वाण पेरला की आपण शेतावर जास्त लक्ष ठेवतो, तसेच हे.

घरात आणि खळ्यावर काय करावे?

पहिली गोष्ट धान्य वाळवण्याची. धान्यात १२ टक्क्यांहून कमी ओल असेल तर साठवणीच्या कोळ्यांना वाढता येत नाही. ही ओल घरी मोजता येत नाही, पण आपल्या आयाबायांची परीक्षा चांगली आहे. दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे, चेपता कामा नये. धान्य कडक उन्हात वाळवा, निवू द्या आणि मगच कणगीत किंवा कोठीत भरा. जुने धान्य तळाशी ठेवून त्यावर नवे ओतू नका. आधी कोठी रिकामी करून, झाडून, पुसून उन्हात तापवा.

पिठाची परीक्षा घरच्या घरी होते. ताटात पिठाचा लहान ढीग करून वरून सपाट करा आणि काही तास हलवू नका. पिठात कोळी असतील तर त्यांच्या हालचालीने सपाटी मोडलेली दिसते. असे पीठ खाऊ नये. पावसाळ्यात एकदम पायलीभर दळून ठेवण्यापेक्षा आठवड्यापुरतेच दळावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. वावडे असलेल्या माणसाच्या अंगावर असल्या पिठाचे पदार्थ खाऊन गांधी उठल्याच्या आणि धाप लागल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत.

कडबा आणि वैरण पुरती वाळल्याशिवाय गंजी रचू नका. गंजी जमिनीला टेकवू नका. खाली दगड किंवा लाकडे घालून ती उंचावर रचा आणि वरून पाऊस लागणार नाही असे करा. काळा पडलेला, बुरशीचा कडबा झटकत बसू नका.

मळणीला किंवा उफणणीला उभे राहताना वारा पाठीवर घ्या, धूळ तोंडावर येणार नाही. नाकाला उपरणे गुंडाळल्याने जाडी धूळ अडते, पण बारीक कण आत जातात. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क अधिक चांगला. ज्याला त्रास आहे त्याला मळणीऐवजी दुसरे काम द्या. पोती मोजणे, गाडी हाकणे, हिशेब ठेवणे हीसुद्धा कामेच आहेत. काम संपल्यावर अंगावरचे कपडे घराबाहेरच झटका, अंघोळ करा आणि मगच अंथरुणावर जा.

घर आणि गोठा कोरडा झाडू नका, पाणी शिंपडून झाडा. गोधड्या आणि उशा दर आठवड्याला कडक उन्हात टाका. कोरड्या उन्हाने किडे मरतात, पण त्यांचा चुरा तसाच राहतो. म्हणून अंथरूण झटकण्याचे काम दम्याच्या माणसाने करू नये, आणि धुता येईल ते गरम पाण्यात धुवावे. दम्याच्या माणसाची खाट कणगीच्या खोलीत नको. चुलीचा धूर बाहेर जायला वाट ठेवा. घरात विडी ओढू नका.

पिकावरच्या कोळ्याबद्दल एक सूचना. कोळी दिसला की पुन्हा पुन्हा कडक औषध मारत सुटू नका. काही औषधांनी कोळ्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी आणखी फोफावतो. पानांवरची धूळ पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढल्यानेही त्याचा जोर कमी होतो. तसेच धान्यातल्या किड्यांसाठी विषारी वायूच्या गोळ्या घालून त्याच घरात निजणे हा तर मृत्यूला घरी बोलावण्याचा प्रकार आहे. असे कधीही करू नका.

औषधाविषयी

वावडे नेमके कशाचे आहे हे ठरवण्यासाठी डॉक्टर कातडीवर निरनिराळ्या द्रव्यांचे थेंब ठेवून हलके टोचतात. पंधरा-वीस मिनिटांत ज्या जागी गांध उठते, त्या वस्तूचे वावडे असल्याचे समजते. रक्त तपासूनही हे कळते. डॉक्टरांकडे जाताना त्रास केव्हा होतो, कोणत्या कामानंतर होतो, घराण्यात कोणाला आहे, हे आठवून सांगा. मळणीनंतर चार ते आठ तासांनी थंडीताप, अंगदुखी आणि कोरडा खोकला येत असेल तर तेही सांगा. बुरशीच्या धुळीने फुफ्फुसाला सूज येते, तो आजार निराळा आहे.

श्वासाच्या पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय आहे, असा एक समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. पंपातले औषध थेट छातीत जाते, म्हणून ते फार थोडे लागते. एक पंप धाप लागल्यावर तात्पुरता आराम देतो, दुसरा सूज उतरवण्यासाठी रोज घ्यायचा असतो. बरे वाटू लागले की रोजचा पंप आपल्या मनाने बंद करू नका. आणि बिनानावाच्या पुड्यांपासून सावध राहा. काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने चार दिवस उत्तम वाटते, पण पुढे हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते आणि चेहरा सुजतो.

एक वाक्य पुरे बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळे पडत असतील, किंवा पंप घेऊनही उतार पडत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री असेल तर रात्री, मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा.

शेवटी एवढेच. आपल्या वाडवडिलांकडून आपल्याला जमीन येते, घर येते आणि अंगातले असे काही कलही येतात. जमीन खारवट आली म्हणून आपण ती पडीक टाकत नाही. चर खणतो, शेणखत घालतो आणि तिच्यातून पीक काढतो. अंगातल्या कलाचेही तेच करायचे आहे. यंदा सुगी घरात येईल तेव्हा दाणा दाताखाली धरून पाहा, कोठी तापवा, आणि घरात कोणाच्या छातीत शिट्टी वाजत असेल त्याला खळ्यावरून बाजूला घ्या. तेवढ्याने त्याच्या पुष्कळ रात्री झोपेत जातील.